पॉइंटरचं गणित

निकाल लागला की आपल्या होस्टेलमध्ये दोन दिवस एकच विषय असतो : "पॉइंटर किती?" मेसच्या रांगेत, नळावर, टेरेसवर, सगळीकडे तेच. आणि दरवेळी प्रत्येक मजल्यावर एक तरी जण असा निघतो, जो मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सगळ्या विषयांची बेरीज करतो, आठाने भागतो, आणि "माझा पॉइंटर युनिव्हर्सिटीने कमी दिला" म्हणत परीक्षा विभागाच्या खिडकीशी जाऊन उभा राहतो. खिडकीतले काका वैतागतात. वैतागतील नाहीतर काय! एकाच दिवसात त्यांना हीच गोष्ट वीसेक जणांना समजावून सांगायची असते.

त्या काकांचं काम थोडं हलकं व्हावं आणि आपलंही नुकसान होऊ नये, म्हणून हा लेख. नुकसान म्हणते ते उगीच नाही. पॉइंटर कसा निघतो हे ज्याला कळत नाही, त्याला तो वाढवायचा कधी आणि कुठे, हेही कळत नाही. कळतं तेव्हा सातवं सेमिस्टर उजाडलेलं असतं आणि नोटीस बोर्डावर कंपनीची अट लागलेली असते.

मी बोरीची. म्हणजे परभणीहून जिंतूरला जाताना झरीच्या पुढे लागतं ते बोरी. आमच्या घरात इंजिनिअरिंग शिकणारे दोघं. मी लोणेरेच्या विद्यापीठाला, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजात, आणि माझा चुलतभाऊ, दादा, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात. दिवाळीच्या सुट्टीत दोघंही घरी आलो होतो. ओसरीवर आबा बसलेले. त्यांनी विचारलं, "काय गं पोरी, किती टक्के पडले?"

"सात पॉइंट चार, आबा."

"सात टक्के? अन् पेढे कशापायी वाटायलीस मग?"

सगळे हसले. दादाला विचारलं तर तो म्हणाला सात पॉइंट एक. झालं! काकूंचा चेहरा उतरला. पोरगी पोरापेक्षा तीन पॉइंटांनी पुढे, असा घरातल्या घरात निकाल लागून गेला. पण खरंच मी पुढे होते का? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी क्रेडिट म्हणजे काय ते बघावं लागेल.

आबांना मी मोंढ्याचा हिशोब घालून सांगितलं, तेच इथे सांगते. समजा आपण मोंढ्यात १० क्विंटल सोयाबीन नेलं, भाव मिळाला ४००० रुपये. सोबत २ क्विंटल तूर नेली, भाव मिळाला ७०००. तर आपल्या मालाला सरासरी क्विंटलमागे काय भाव पडला? कुणी म्हणेल, चार हजार आणि सात हजार, मधला साडेपाच हजार. आडत्यासमोर असा हिशोब केला तर तो तोंडावर हसेल. सोयाबीनचे झाले ४०,०००, तुरीचे १४,०००, एकूण ५४,०००. माल १२ क्विंटल. म्हणजे सरासरी पडली ४५०० रुपये. तुरीचा भाव कितीही चढला तरी ती होतीच दोन क्विंटल, सरासरीला किती ओढणार?

विषयाचे ग्रेड पॉइंट म्हणजे भाव, आणि क्रेडिट म्हणजे क्विंटल. बस्स, एवढंच आहे! ऐंशी टक्के लेख इथेच संपला असं समजा. राहिलेले वीस टक्के मात्र महत्त्वाचे आहेत.

क्रेडिट ठरतं आठवड्यातल्या तासांवरून. लेक्चरचा आठवड्याला एक तास म्हणजे एक क्रेडिट, ट्युटोरियलचा एक तास म्हणजेही एक क्रेडिट, आणि प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून एक क्रेडिट. म्हणून गणित चार क्रेडिटचं आणि ज्या लॅबसाठी आपण ॲप्रन, जर्नल, सह्या, इतका जीव काढतो ती एका क्रेडिटची! अन्याय वाटेल, पण हिशोब असा आहे. एआयसीटीईने २०१८ साली जो आदर्श अभ्यासक्रम काढला, त्यात बी.टेक.च्या चार वर्षांची मिळून १६० क्रेडिट ठेवली. काही विषय शून्य क्रेडिटचे, ऑडिटचे असतात. ते पास व्हावे लागतात, पण पॉइंटरमध्ये त्यांचं वजन नसतं.

आता पॉइंट कसे मिळतात ते बघू. लोणेरेच्या पद्धतीत शंभरपैकी गुणांचे पट्टे पाडलेले आहेत. ९१ च्या वर ईएक्स, म्हणजे १० पॉइंट. ८६ ते ९० एए, ९ पॉइंट. तिथून खाली पाच-पाच गुणांना अर्धा-अर्धा पॉइंट कमी होत जातो : ८१ ते ८५ एबी ८.५, ७६ ते ८० बीबी ८, ७१ ते ७५ बीसी ७.५, ६६ ते ७० सीसी ७, ६१ ते ६५ सीडी ६.५, ५६ ते ६० डीडी ६, ५१ ते ५५ डीई ५.५. मग ४० ते ५० हा मोठा पट्टा, ईई, ५ पॉइंट. चाळीसच्या खाली ईएफ, म्हणजे भोपळा. हा तक्ता रूमच्या दारामागे चिकटवून ठेवा, कामाला येतो.

(एक गंमत सांगते. हीच अक्षरं आयआयटी मुंबईतही आहेत, पण तिथे एए ला १०, बीबी ला ८, सीसी ला ६ आणि डीडी ला ४ पॉइंट. आपल्याकडे डीडी ला ६. बीबी तेवढा दोन्हीकडे सारखा! त्यामुळे "माझा मित्र आयआयटीत आहे, त्यालाही सीसीच आहे" अशी तुलना कृपया करू नका.)

एका काल्पनिक मुलीच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल घेऊ. विषय आपल्या ओळखीचे, गुण माझ्या मनाचे.

गणित : क्रेडिट ४, गुण ५८, डीडी, पॉइंट ६. चार सक २४.
फिजिक्स : क्रेडिट ४, गुण ६७, सीसी, पॉइंट ७. गुणाकार २८.
ग्राफिक्स : क्रेडिट २, गुण ६२, सीडी, पॉइंट ६.५. गुणाकार १३.
कम्युनिकेशन : क्रेडिट २, गुण ७८, बीबी, पॉइंट ८. गुणाकार १६.
पर्यावरण : क्रेडिट २, गुण ७२, बीसी, पॉइंट ७.५. गुणाकार १५.
ग्राफिक्स प्रॅक्टिकल : क्रेडिट २, गुण ८८, एए, पॉइंट ९. गुणाकार १८.
फिजिक्स लॅब : क्रेडिट १, गुण ९२, ईएक्स, पॉइंट १०. गुणाकार १०.
कम्युनिकेशन लॅब : क्रेडिट १, गुण ८३, एबी, पॉइंट ८.५. गुणाकार ८.५.

गुणाकारांची बेरीज १३२.५. क्रेडिटची बेरीज १८. भागाकार ७.३६. हा झाला एसजीपीए, म्हणजे त्या एका सेमिस्टरचा पॉइंटर.

आता खिडकीशी उभ्या राहणाऱ्या मित्राची रीत लावून बघा. नुसत्या पॉइंटांची बेरीज ६२.५, भागिले आठ विषय, आले ७.८१! आणि नुसत्या गुणांची बेरीज ६००, भागिले आठ, बरोबर ७५ टक्के. म्हणजे ती मुलगी घरी सांगणार ७५ टक्के, गुणपत्रिका म्हणणार ७.३६, आणि मग भांडण. युनिव्हर्सिटीने काही कमी केलेलं नाही. लॅबमधले ९२ हे दोन क्विंटल तुरीसारखे आहेत, आणि गणितातले ५८ हे दहा क्विंटल सोयाबीन.

इथे दादाकडे वळते. कृषी विद्यापीठांमध्ये पट्टे नसतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने आखून दिलेली रीत अशी की जितके टक्के, त्याला दहाने भागलं की तोच ग्रेड पॉइंट. ८०.७६ टक्के पडले तर ८.०७६ पॉइंट. ना वर, ना खाली. क्रेडिट तिथेही आहेतच, आणि विषयासमोर २+१ असं लिहिलेलं असतं, म्हणजे दोन थिअरीची आणि एक प्रॅक्टिकलचं. पास व्हायला ५० टक्के लागतात, आपल्यासारखे ४० नाहीत.

मग वरच्या मुलीचे तेच गुण, तीच क्रेडिट घेऊन दादाच्या रीतीने हिशोब करू. गुणांना क्रेडिटने गुणून बेरीज येते १२७५, भागिले १८, म्हणजे ७०.८३. दहाने भागा, पॉइंटर ७.०८.

बघा मंडळी! एकच मुलगी, तेच पेपर, तेच गुण. लोणेरेच्या गुणपत्रिकेवर ७.३६ आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर ७.०८. जवळजवळ तेवढाच फरक, जेवढा माझ्यात आणि दादात होता. म्हणजे ओसरीवर लागलेला तो निकाल रद्द करावा लागला. काकूंना हे सांगितल्यावर त्यांनी दादाला अजून एक पेढा दिला.

हा फरक कुठून येतो? पट्ट्यांमुळे. आपल्याकडे ६१ आणि ६५ दोघांनाही ६.५. ६५ वाल्याला जेवढं हक्काचं तेवढं मिळालं, ६१ वाल्याला थोडं वरून मिळालं. ९१ वाल्याला तर ९.१ ऐवजी थेट १०. कुणाचंच खाली जात नाही, काही जणांचं वर सरकतं. म्हणून पट्ट्यांच्या पद्धतीत पॉइंटर खऱ्या गुणांपेक्षा जरा फुगलेला असतो. पुढे टक्के काढताना काही ठिकाणी वजाबाकी करतात ती त्यामुळेच समजून घेता येते. त्यावर नंतर येते.

त्याआधी पट्ट्यांचा एक व्यवहारी उपयोग. आपल्याकडे थिअरीत २० गुण वर्षभराच्या मूल्यमापनाचे, २० मिड सेमचे आणि ६० शेवटच्या परीक्षेचे. म्हणजे पेपरला बसायच्या आधीच शंभरातले ४० गुण ठरलेले असतात. समजा तुमच्या हातात ४० पैकी २७ आहेत. सीडी साठी ६१ लागतात, म्हणजे पेपरात ३४ हवेत. सीसी साठी ६६, म्हणजे ३९. प्रत्येक विषयाचं असं एका कागदावर मांडा, समोर क्रेडिट लिहा. मग पीएल मध्ये कुठला विषय किती दिवस घ्यायचा हे आपोआप दिसतं. चार क्रेडिटच्या विषयात एक पट्टा वर गेलात तर १८ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये एसजीपीए ०.११ ने वाढतो. एका क्रेडिटच्या लॅबमध्ये एक पट्टा वर गेलात तर जेमतेम ०.०३ ने. आपण मात्र जर्नलच्या कव्हरला ब्राउन पेपर लावण्यात रात्र घालवतो!

फेरतपासणीचंही तसंच. ५८ पडलेत आणि वाटतंय की दोन गुण कमी दिले, तर दोन वाढून ६० झाले तरी डीडी तो डीडीच राहणार. फॉर्म भरून, पैसे भरून पॉइंटरमध्ये काडीचाही फरक नाही. पण ६० पडलेत, तर एक गुण वाढला की सीडी. ९० असतील तर एका गुणाने एए चा ईएक्स होतो, म्हणजे पूर्ण एक पॉइंट. आणि ३९ असतील, तर काही विचारायलाच नको. चार क्रेडिटच्या विषयात ३९ चे ४० झाले तर शून्याचे एकदम ५ पॉइंट होतात, आणि १८ क्रेडिटवर एसजीपीए १.११ ने उडी मारतो. तेव्हा फॉर्म भरण्याआधी काठापासून आपण किती लांब आहोत ते मोजावं. दादाकडे असं नाही, तिथे प्रत्येक गुणाचा हिशोब लागतो, पण उडीही कुठे नाही.

नापास झाल्यावर काय होतं? वरच्याच मुलीचं गणित राहिलं असं समजा. गुणाकारातून २४ गेले, राहिले १०८.५. पण १८ क्रेडिट छेदात तशीच राहतात. पॉइंटर ६.०३. म्हणून विषय राहिला की पॉइंटर इतका घसरलेला दिसतो, आणि पुढे विषय सुटला की परत वर येतो. घाबरून जाऊ नये. मात्र बॅकलॉगची नोंद ही वेगळी गोष्ट आहे. "नो ॲक्टिव्ह बॅकलॉग" अशी अट घालणाऱ्या कंपनीला पॉइंटर दाखवून भागत नाही.

आता सगळ्या सेमिस्टर्सचा मिळून सीजीपीए. इथेही लोक सरळ सरासरी काढतात. पहिल्या सेमिस्टरला १८ क्रेडिट आणि ७.३६, दुसऱ्याला समजा २१ क्रेडिट आणि ६.५०. दोघांची बेरीज भागिले दोन केलं तर ६.९३. पण खरी रीत म्हणजे दोन्ही सेमिस्टरचे गुणाकार एकत्र करायचे : १३२.५ अधिक १३६.५, झाले २६९. भागिले ३९ क्रेडिट. उत्तर ६.९०. फरक फारच थोडा आहे, खरं आहे. पण ज्याची गाडी काठावर अडलेली असते त्याला विचारा ०.०३ म्हणजे काय ते! यूजीसीची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सूत्र देतात आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायला सांगतात.

कृषी विद्यापीठात अजून एक शब्द आहे, ओजीपीए. ज्या विषयात नापास झालो होतो तिथले नापासाचे पॉइंट वगळून शेवटी जो एकूण पॉइंटर निघतो तो. पदवीवर वर्ग ठरतो तो ओजीपीएवरून, आणि तो ठरवण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. ७ ते ८ च्या आत प्रथम श्रेणी, ८ च्या वर विशेष प्रावीण्य, आणि ६ ते ७ च्या आत द्वितीय. म्हणजे दादाला ६.९ पडले असते, तर ते ६९ टक्के असूनही सेकंड क्लास! आबांच्या डोक्यात फर्स्ट क्लास म्हणजे साठ टक्के. त्यांना हे काही केल्या पटलं नाही. "एकोणसत्तर टक्क्याला सेकंड? कोणच्या गावचा कायदा म्हणावं हा?"

आता येते सगळ्यात वादाच्या मुद्द्याकडे : टक्के. आबाच टक्के विचारतात असं नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात टक्क्यांचा रकाना असतो, बँकेत शैक्षणिक कर्जाला गेलं की मॅनेजर टक्के विचारतात, कंपनीच्या फॉर्मवरही असतात. आपल्या होस्टेलमध्ये यावर तीन पंथ आहेत. एक पंथ दहाने गुणतो. दुसरा साडेनऊने गुणतो. तिसरा आधी ०.७५ वजा करतो आणि मग दहाने गुणतो. ७.३६ वर हे तिन्ही प्रयोग करून बघा. पहिल्याचे ७३.६, दुसऱ्याचे ६९.९, तिसऱ्याचे ६६.१. साडेसात टक्क्यांचा फरक! आणि त्या मुलीचे क्रेडिट लावून काढलेले खरे टक्के होते ७०.८३, जे तिघांपैकी कुणाशीच जुळत नाहीत.

तिन्ही रीती खऱ्या आहेत, फक्त वेगवेगळ्या घरच्या आहेत. दहाने गुणणं ही कृषी विद्यापीठाची रीत, आणि तिथे ती बरोबरच आहे, कारण पॉइंट काढतानाच दहाने भागलेलं असतं. दादाने दहाने गुणावं, त्याला तो हक्क आहे. साडेनऊ हे सीबीएसईच्या दहावीचं. २०१० ते २०१७ या काळात तिथे दहावीला ग्रेड होते. ९१ ते १०० मध्ये येणाऱ्या मुलांची सरासरी ९५ च्या आसपास येते असं त्यांना मागच्या काही वर्षांच्या निकालावरून दिसलं, त्याला दहाने भागून ९.५ आला. शाळेच्या मुलांवरून काढलेला आकडा इंजिनिअरिंगच्या पॉइंटरला लावण्यात काही अर्थ नाही, पण तो इतका पसरलाय की विचारू नका. आणि ०.७५ ची वजाबाकी एआयसीटीईच्या तक्त्यातून आली. त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७० आणि ८.२५ म्हणजे ७५ टक्के असं दिलंय.

मग आपण कुठली लावायची? ज्या विद्यापीठाची गुणपत्रिका, त्याच विद्यापीठाचा नियम. रूम पार्टनरचा नाही, सीनियरचा नाही. मराठवाड्यातली बरीच कॉलेजं आधी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली होती, २०१७ नंतर ती लोणेरेला जोडली गेली. त्यामुळे सीनियरचा सीनियर सांगतो ते त्याच्या काळात खरं असेलही, तुमच्या गुणपत्रिकेला ते लागू पडेलच असं नाही.

एक उदाहरण मुद्दाम देते. कंपनीने लिहिलं "६० टक्के किंवा ६.० सीजीपीए", तर ६.० वाला बसतो. पण नुसतं "६० टक्के" लिहिलं आणि रूपांतर ०.७५ वजा करून होणार असेल, तर ६.० चे होतात ५२.५ टक्के. तिथे ६.७५ लागतो. "माझा सहाच्या वर आहे, मला काय काळजी" म्हणणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

आणि हा ६.७५ गाठायचा म्हटलं तर कधी सुरुवात करायची? १६० क्रेडिट धरू, सगळ्या सेमिस्टरना सारखी, वीस-वीस. शेवटी ६.७५ हवा, तर एकूण गुणाकार हवा १६० गुणिले ६.७५, म्हणजे १०८०. समजा एका मुलाचा पॉइंटर आहे ६.४०. फार काही मागे नाही, ०.३५ चं अंतर.

तो दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आहे. ८० क्रेडिट झाली, हातात ५१२ पॉइंट. राहिले ५६८, क्रेडिट ८०. पुढच्या चार सेमिस्टरला सरासरी ७.१० हवा. जमण्यासारखं आहे.

तोच मुलगा, तोच ६.४०, पण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आहे. १२० क्रेडिट झाली, हातात ७६८. राहिले ३१२, क्रेडिट ४०. आता ७.८० हवा. कठीण आहे, पण प्रोजेक्ट चांगला झाला तर होऊ शकतं.

तोच मुलगा, तोच ६.४०, सातवं सेमिस्टर संपलंय. १४० क्रेडिट, हातात ८९६. राहिले १८४, क्रेडिट फक्त २०. हवा ९.२०! आयुष्यभर साडेसहाच्या आसपास राहिलेला माणूस एका सेमिस्टरला ९.२० कुठून आणणार?

अंतर तिन्ही वेळा ०.३५ चंच होतं. फक्त भागायला उरलेली क्रेडिट कमी-कमी होत गेली. याचीच दुसरी बाजू अशी की पहिल्या वर्षी जमवलेला पॉइंटर नंतर सहजासहजी पडतही नाही. पण पहिल्या वर्षी आपण नवीन असतो, घरची आठवण येत असते, इंग्रजीतून शिकवलेलं निम्मं डोक्यावरून जात असतं. माझ्यासारख्या गावाकडून आलेल्या मुला-मुलींना तर तो काळ फारच जड जातो. आणि नेमकी तीच क्रेडिट शेवटपर्यंत आपल्या मागे राहतात. होस्टेलमधल्या सीनियर्सनी आणि सरांनी ज्युनिअर्सना रॅकेट-बॉल दाखवतानाच हा हिशोबही दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

तुमचा स्वतःचा आकडा काढायचा तर दोन ओळींचं काम आहे. जो पॉइंटर हवा त्याला एकूण क्रेडिटने गुणा, त्यातून आजपर्यंतचे गुणाकार वजा करा. जे उरेल त्याला उरलेल्या क्रेडिटने भागा. उत्तर दहाच्या वर आलं, तर ते उद्दिष्ट सोडून दुसरं धरा!

परदेशी जाणाऱ्यांसाठी एकच वाक्य. तिकडे बऱ्याच ठिकाणी ४ पैकी पॉइंटर असतो म्हणून आपला अडीचने भागून फॉर्मवर लिहू नका. तिकडची विद्यापीठं किंवा गुणपत्रिका तपासणाऱ्या संस्था विषयवार ग्रेड बघून स्वतःच काढतात, आपण फक्त आहे तो दहापैकी पॉइंटर द्यायचा.

आपल्याकडच्या फॉर्मचं म्हणाल, तर जिथे सीजीपीएचा रकाना आहे तिथे गुणपत्रिकेवर आहे तसाच, दोन दशांशांसह लिहा. ६.७४ चा ६.८ करू नका, पडताळणीत तो ६.७४ च निघतो. जिथे फक्त टक्के मागितलेत, तिथे विद्यापीठाच्या नियमाने काढलेले टक्के लिहा आणि सोबत परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र जोडा. ते प्रमाणपत्र ऐन कॅम्पसच्या आठवड्यात मागायला जाऊ नका. तेव्हा खिडकीशी आख्खी बॅच उभी असते, आणि काकांचा जेवणाचा डबा बिचारा तसाच पडलेला असतो. सहाव्या सेमिस्टरचा निकाल हातात आला की त्याच आठवड्यात साधा अर्ज आणि सगळ्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स देऊन टाका.